ताईंच्या उजव्या हाताला

३ नोव्हेंबर

पुण्याच्या स्टुडिओत होते तेव्हा रोजची नोंद ठेवायचे. कोणता माइक कुठे ठेवला, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. तिथून आणण्यासारखी ती एकच सवय होती. आज नवं काम हातात घेतलं, म्हणून ती पुन्हा सुरू करते आहे.

काम असं. बाबा चाळीसेक वर्षं पेटीची साथ करतात. इथे, आमच्या गावच्या लष्कर भागात त्यांना सगळे ओळखतात, पण 'सरोजिनीताईंचे पेटीवाले' म्हणून. ताईंच्या प्रत्येक कॅसेटवर ताईंचा फोटो, त्याखाली रागांची नावं, त्याखाली तबला सूर्याजी जाधव, आणि सगळ्यांत बारीक अक्षरांत हार्मोनियम मधुसूदन शेवडे. एका कॅसेटवर मधुकर शेवडे छापलंय. बाबांनी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. आई म्हणते, ते वर्षभर ती त्यांना मधुकर म्हणूनच हाक मारायची.

मला त्यात गंमत दिसत नाही. पुण्यात मी ज्या रेकॉर्डिंगवर काम केलं, त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही. तो विषय इथे नाही.

आता असं सॉफ्टवेअर आलंय की एकत्र झालेल्या ध्वनीतून आवाज वेगळा, वाद्यं वेगळी काढता येतात. मी ताईंचा आवाज आणि तबला काढून टाकणार आणि नुसती पेटी ठेवणार. चांगले तुकडे निवडून एक संच करणार. वर नाव एकच असेल, आणि बरोबर छापलेलं.

पहिला तुकडा आज तयार झाला. बाबांच्या कानांवर हेडफोन लावले. त्यांनी थोडं ऐकलं, आवाज वाढव अशी खूण केली, पुन्हा ऐकलं, आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"यात मी वाजवतोय कुठे?" म्हणाले. "मी तर ऐकतोय."

मी सांगितलं की पेटीचा प्रत्येक सूर त्यांचाच आहे. ते म्हणाले, तेच तर. मग गच्चीवर निघून गेले. त्यांना स्वतःचं वाजवणं एकटं ऐकायची सवय नाही. होईल.

८ नोव्हेंबर

एक तांत्रिक अडचण. ताईंचा आवाज टाकून देण्याआधी मी तो आणि पेटी, दोन्हींच्या लाटा पडद्यावर एकाखाली एक ठेवून तपासते. जुन्या कॅसेटींत पेटी ताईंच्या सुराला अशी लागून येते की दोघांत फट सापडत नाही. पण गेल्या दोन वर्षांतल्या रेकॉर्डिंगमध्ये पेटी मागे पडते. पाव सेकंद, कुठे त्याहून थोडं जास्त. बसून ऐकणाऱ्याला चटकन कळणार नाही. पडद्यावर स्पष्ट दिसतं.

पेटीचा सूर हळूच सुरू होतो. सॉफ्टवेअर त्याची सुरुवात पुसून टाकत असणार. जुन्या कॅसेटींत हे का होत नाही, ते शोधायला हवं. अजून शोधलेलं नाही.

ओळ संपते तिथे मात्र दोन्ही बरोबर भेटतात. या उन्हाळ्यापासूनच्या रेकॉर्डिंगमध्ये तर प्रत्येक वेळी. सौरवने नवा फोन घेतला, त्यामुळे असेल. सौरव म्हणजे आमच्या संगीत मंडळाचा सचिव. सगळ्या बैठकांचं रेकॉर्डिंग तोच करतो.

मागे पडलेले सूर मी एकेक पकडून पुढे ओढले. कंटाळवाणं काम आहे. आता सगळं जागच्या जागी आहे.

१५ नोव्हेंबर

बाबा दर शुक्रवारी दुपारी जयेंद्रगंजात ताईंकडे रियाजाला जातात. काल मीही गेले. चार पाहुणे आले होते, त्यामुळे रियाजाची बैठकच झाली.

बसताना एक प्रकार घडला. गाणाऱ्याच्या डाव्या हाताला पेटी आणि उजव्या हाताला तबला, ही बसायची रीत. ती कुणी ठरवली ते माहीत नाही, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही. काल बाबा आपली पेटी उचलून ताईंच्या उजव्या हाताला गेले आणि सूर्याजीकाकांना म्हणाले, आज तुम्ही तिकडे बसा.

सूर्याजीकाका हातोडीने तबला ठोकत होते. त्यांनी मान वर केली. "मधूभाऊ, हे काय करून राहिलात? पेटी डावीकडे, तबला उजवीकडे. भगवान ने ऐसे ही बनाया है. उद्या म्हणाल ताई तबला वाजवतील आणि सूर्याजी गाईल."

पाहुणे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा. पण उठले नाहीत. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सूर्याजी, सरक. बसू दे त्याला." काका सरकले, पण एका तबल्याचा सूर उतरला म्हणून बराच वेळ कुरकुरत होते.

एरवी ताई डोळे मिटून गातात. काल डोळे उघडे होते. उजवा हात सतत हवेत होता, प्रत्येक सुराची जागा दाखवत, नवख्या शिष्येला दाखवतात तसा. वयामुळे गाणाऱ्याच्या लकबी बदलतात. सौरव बाहेर पडताना म्हणाला, "ताईंच्या गाण्यात हल्ली काय ठहराव आलाय, नाही? एकेक ओळ म्हणतात आणि सोडून देतात. पहले ऐसा नहीं था."

बाजू का बदलली, ते मी रेकॉर्डिंग बघितल्यावर कळलं. सौरव फोन दाराजवळ ठेवतो. डावीकडे बसलं की माणूस तानपुऱ्याआड जातो. उजवीकडे बसलेले बाबा पूर्ण दिसतात. याचा अर्थ त्यांना आता दिसावंसं वाटतंय. या वयात का होईना. मला बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

खालच्या दुकानातले जगदेवराव आज वर आले. सभ्य माणूस आहे, बांगड्या विकतो. म्हणाले, मधुसूदनरावांचा तानपुरा जरा धीमा करा, गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येत नाही. बाबा फोनवर तानपुरा लावून तो मोठ्या स्पीकरला जोडतात. बघितलं तर दोन्हीकडे आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. स्पीकर बिघडला असेल म्हणून मोजमाप केलं. ठीक आहे. आवाज कमी करून ठेवला. दुपारी पुन्हा तेवढाच.

आई हल्ली चहा झाला हे सांगायला स्वयंपाकघरातून बाहेर येते, बाबांच्या समोर उभी राहते आणि मग सांगते. पूर्वी आतूनच हाक मारायची. मी तिला म्हटलं, दर वेळी कशाला येतेस? म्हणाली, तेवढंच चालणं होतं.

२७ नोव्हेंबर

झालं. वीस डिसेंबरला मंडळाची सभा आहे, ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त. मी सौरवला गाठून सुचवलं की ताईंच्या गाण्याआधी बाबांचं एकल वादन ठेव. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मागून वाजवणारा माणूस एकदा पुढे बसू दे. सौरव म्हणाला, ते ऐकणार नाहीत, त्याच्या वडिलांनीही मंडळाकडून विचारून पाहिलं होतं. खरं आहे. बाबा आजवर हेच म्हणत आलेत की एकट्याने वाजवून मी काय सांगू?

आज संध्याकाळी मी त्यांना विचारलं. दोनदा विचारावं लागलं, ते पेटी पुसत होते. मग म्हणाले, "चालेल."

मला वाटलं नीट ऐकलं नसावं. म्हणून पुन्हा सांगितलं: एकट्याने, राग केदार, सूर्याजीकाका तबल्याला.

"चालेल म्हटलं ना. फक्त त्या दिवशी ताईंच्या साथीला दुसरं कुणी बघा. दोन्ही नाही होणार माझ्याने."

सौरवने लगेच इंदूरच्या एका मुलीला ठरवलं. ती चांगली वाजवते असं ऐकलंय.

आईला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. म्हणाली, "त्यांनी हो म्हटलं?" मी म्हटलं, लगेच. "आणि ताईंना नाही म्हटलं?" हो, मी म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आई सोलत राहिली. साली दाण्यांत पडत होत्या आणि दाणे सालींत. मी भांडी अदलाबदल करून दिली.

तिला आनंद का झाला नाही, ते समजलं नाही.

१० डिसेंबर

कोहरा पडायला लागलाय. सकाळी बाड्याच्या चौकात टेम्पोचे दिवे दिसतात, टेम्पो दिसत नाहीत.

केदारची तयारी चालू आहे. बाबा डोळे मिटून वाजवतात आणि सूरन् सूर जागेवर असतो. एक दोष मात्र आहे. दर ओळीनंतर ते थांबतात. पेटीला श्वास घ्यावा लागत नाही, भाता चालू असतो. मी म्हटलं, लोकांना वाटेल विसरलात.

"तिथे ताई श्वास घेतात," म्हणाले.

"पण त्या नसणार आहेत."

"नसणार," ते म्हणाले. मी काही नवीन सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या जागा भरून काढल्या. आता नेमकं झालंय. मला किंचित कमी आवडतं, पण तो आधीचं ऐकल्याचा परिणाम असणार.

या शुक्रवारीही ते ताईंकडे जाणार नाहीत. म्हणतात, सभेची तयारी आहे.

२१ डिसेंबर

काल सभा झाली. क्रमाने लिहिते.

आवाजाच्या टेबलावर मीच होते. हॉलचा माणूस मी मागे बसवला होता. बाबांच्या समोर एक छोटा स्पीकर ठेवला, त्यात त्यांना तबला ऐकू यावा म्हणून. मंचावर जाताना त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

सुरुवात चांगली झाली. ठेका सुरू झाल्यावर बाबांनी माझ्याकडे बोट वर करून खूण केली: तबला वाढव. वाढवला. थोड्या वेळाने पुन्हा बोट. पुन्हा वाढवला. ही मर्यादा आहे हे मला दिसत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी त्यांच्याकडून कधी पाहिलेलं नाही. मी वाढवला.

शिट्टी लागली. माइक आणि स्पीकर एकमेकांचा आवाज धरून बसले की लागते तशी, बारीक आणि अतिशय तीव्र. पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. एक लहान मूल रडायला लागलं. सूर्याजीकाकांनी दोन्ही हात तबल्यावरून उचलले.

बाबा वाजवत होते.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. शांतपणे केदार वाजवत होते. सगळ्या हॉलमध्ये ती शिट्टी ज्यांना ऐकू आली नाही असे ते एकटेच होते.

मी बटण खाली ओढलं तोवर त्यांचं लक्ष सूर्याजीकाकांच्या हातांकडे गेलं. हात हवेत बघून ते थांबले. लोकांकडे बघितलं. लोक कानांवरून हात काढत होते.

काका माइककडे वाकून म्हणाले, "माफ करा, केदार ऐकून स्पीकरपण गायला लागला." लोक हसले. काकांनी ठेका पुन्हा धरला, पण नेहमीसारखा नाही. हात उंच उचलत होते, सम यायच्या आधी मानेने दाखवत होते. बाबांनी त्यांच्या हातांवर नजर ठेवून वादन पूर्ण केलं. टाळ्या पडल्या.

सौरव मला सगळ्यांसमोर बोलला, पुण्याला हेच शिकून आलीस का. मी म्हटलं, चूक माझी आहे. मंडळाच्या आणखी दोघांनी येऊन तेच सांगितलं. त्यांनाही मी तेच म्हटलं.

परतताना ऑटोत मी बाबांच्या उजव्या बाजूला बसले होते. ते पूर्ण वळून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "काय झालं होतं?"

"शिट्टी लागली."

"मोठी होती?"

"हो."



२२ डिसेंबर

पडद्यावरची ती फट सॉफ्टवेअरची नव्हती. जुन्या कॅसेटींत ती का नाही, हा प्रश्न मी आठ नोव्हेंबरला लिहिला होता आणि सोडून दिला होता. बाजू बदलणं फोनसाठी नव्हतं. उजवा कान जास्त गेलाय. डावा थोडा राहिलाय. ताईंच्या उजव्या हाताला बसलं की डावा कान त्यांच्याकडे येतो. एकल वादनाला ते हो म्हणाले, कारण त्यात कुणाला ऐकावं लागणार नव्हतं.

मी ध्वनीचं शिक्षण घेतलंय. एवढंच लिहिते.

आईने शिवणाच्या डब्यातून कानाचं यंत्र काढून दाखवलं. दोन वर्षांपूर्वीच आणलंय. आठवडाभर लावलं आणि काढून ठेवलं. "म्हणाले, बोलणं ऐकू येतं पण पेटीचा सा थरथरतो. माझ्याच घरात माझाच सा कापतो, नको ते." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तू पुण्याहून आलीस तेव्हा तुझंच तोंड असं होतं, तुला काय सांगणार?"

सा का थरथरतो, ते मला माहीत आहे. यंत्रात शिट्टी दाबायची सोय असते. एकच सूर लांबला की यंत्राला ती शिट्टी वाटते आणि ते तिला मोडत राहतं. सा आणि शिट्टी यांतला फरक त्याला कळत नाही. ती सोय बंद करता येते. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून कुणी केली नाही. कानाच्या डॉक्टरांकडचा तो माणूस सुट्टीवर आहे, पाच तारखेला येईल.

याने सगळं परत येणार नाही. जे सूर गेलेत ते गेले.

२६ डिसेंबर

शुक्रवार. बाबा गेले नाहीत. पेटीवर चादर घातली आहे, पाहुण्यांची जाड चादर.

सूर्याजीकाका तीळ-गुळाचा गजक घेऊन आले. बाबांच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे. मोठ्याने म्हणाले, "मधूभाऊ, मला तर वीस वर्षांपासून बायकोचं ऐकू येत नाही, मी काय तबला सोडला?"

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "सूर्याजी, साथ म्हणजे बरोबर असणं. मागून येतो तो पाठलाग. पंचाहत्तर वर्षांच्या बाईचा मी पाठलाग करायचा? ताईंना सांगा, त्या इंदूरच्या मुलीला बोलवा."

काकांनी गजकाचा तुकडा तोडला आणि तो हातातच धरून बसले. जाताना जिन्यात मला म्हणाले, ये आदमी बिना पेटी के दो महीने नहीं जिएगा. मी म्हटलं, असं काही नसतं.

३० डिसेंबर

ताईंचा फोन आला. बाबा फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी जयेंद्रगंजात गेले.

त्या उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला स्टूल दिलं आणि विचारलं, "तुला त्याला एकटं बसवायची इतकी घाई का झाली होती?"

मी म्हटलं, चाळीस वर्षं त्यांचं नाव बारीक अक्षरात आलं.

"कुणाला बोचत होतं ते? त्याला?"

  मग त्यांनीच त्या संचाचं काय झालं ते विचारलं. मी पद्धत समजावून सांगितली: पेटी ठेवायची, बाकी काढायचं.

"म्हणजे माझं काय केलंस?"

"काढून टाकलं."

त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. "इतक्या लोकांनी मला काढायचा प्रयत्न केला, पण असं कुणाला जमलं नव्हतं." पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मूळचं आहे ना? मग आता उलटं कर. त्याची पेटी काढ आणि मला ऐक. यंदाचं, उन्हाळ्यानंतरचं. तुझ्या त्या पडद्यावर बघ. आणि जे दिसेल ते त्याला सांगायचं नाही. एवढं माझं ऐक."

मी निघाले तेव्हा म्हणाल्या, शुक्रवारी मी कुणालाही बोलावलेलं नाही. उजवी बाजू रिकामी ठेवते.

१ जानेवारी

केलं.

पेटीशिवाय ताईंचा आवाज असा आहे: त्या ओळ म्हणतात आणि शेवटचा सूर धरून ठेवतात. गरजेपेक्षा जास्त. पूर्वीच्या कॅसेटींत त्या इतक्या कधी थांबत नाहीत, पुढची ओळ आधीच्या ओळीच्या टाचेवर येते. आता त्या थांबतात. मग बारीकसा श्वास. मग पुढे.

मी पेटी परत घातली. पुढे ओढलेली नाही, मूळच्या जागेवरची. पेटी मागून येते, ओळीभर मागून येते, आणि शेवटच्या सुरावर पोचते. पोचली की ताई सूर सोडतात. त्याआधी नाही. एकदाही नाही. उन्हाळ्यानंतरची सगळी रेकॉर्डिंग तपासली.

यालाच सौरव ठहराव म्हणतो.

दोन महिने मी हा आवाज काढून टाकत होते.

बाबांचे मी पुढे ओढलेले सगळे सूर जिथे होते तिथे परत ठेवले.

२ जानेवारी

आज शुक्रवार. दुपारी बाबा माझ्या खोलीत आले आणि माझ्या उजवीकडच्या खुर्चीत बसले. आता त्या जागेचा अर्थ मला कळतो.

"तुझ्या पडद्यावर दिसतं म्हणे सगळं," म्हणाले. "खरं सांग. मी उशिरा येतो?"

मला खोटं सांगता येत नाही, आणि ताईंना शब्द दिला होता. मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. "सुरुवातीला येता. ओळीच्या शेवटी नाही. शेवटी दोघं बरोबर भेटता."

"प्रत्येक ओळीला?"

"प्रत्येक."

 ते नखाने टेबलाचा रंग खरवडत राहिले. मग मान हलवली, आधीपासून माहीत असलेलं काही पटावं तशी.

"ते असं आहे," म्हणाले. "ताई हल्ली ओळीनंतर फार थांबतात. लोक काहीही नाव देतात त्याला. दम राहिला नाही त्यांचा. वय झालंय. मी तिथे सूर सोडत नाही, धरून ठेवतो, म्हणजे त्यांचं थांबणं कुणाला उघडं दिसत नाही. ती इंदूरची मुलगी हुशार आहे, पण ती नाही धरणार. पुढे निघून जाईल." मग म्हणाले, "त्यांना कळू देऊ नकोस हं. मनाला लावून घेतील."

मी म्हटलं, नाही सांगणार.

ते उठले आणि पेटीवरची चादर काढली. आईने विचारलं, कुठे निघालात? तिच्या समोर उभं राहून त्यांनी मफलर गुंडाळला आणि म्हणाले, कुठे म्हणजे, शुक्रवार नाही का आज?

कानाचं यंत्र खिशात घेतलं, लावलं नाही. सोमवारी ते दुरुस्त करून आणायचंय.

पेटी मी खाली उतरवली. जगदेवरावांनी ऑटो थांबवून ठेवली होती. बाबा आधी बसले. मी वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढले आणि त्यांच्या डाव्या हाताला बसले.